शोधनिबंध लिहायचाय? आधी घरातल्या पावत्या काढा



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एम.ए. करणाऱ्या मुलींची पत्रे वाढली आहेत. अल्हम्दुलिल्लाह, ही आनंदाची गोष्ट. त्यातल्या बऱ्याच जणींनी लोकप्रशासन हा विषय घेतला आहे आणि सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच आहे: शोधनिबंध लिहायला सांगितला आहे, तो कसा लिहायचा? आम्ही हा विषय पुष्कळ वर्षे शिकवला. तेव्हा सवडीने उत्तर देऊ असे ठरवले होते. पण मध्येच आमची पुतणी मोबाइल घेऊन घरी आली आणि सवड संपली.

मोबाइलवर एक जाहिरात होती. तीन हजार रुपयांत तयार शोधनिबंध, आठ दिवसांत छापून मिळेल, वर प्रमाणपत्र. विषयही तयार: ‘भारतातील सुशासन : आव्हाने आणि संधी’. नमुन्याचे पहिले पान सोबत जोडलेले.

“चाचा, घेऊ का? वर्गातल्या चौघींनी घेतलाय.”

आम्ही रागावलो नाही. ते पान तिलाच मोठ्याने वाचायला सांगितले. वाचून झाल्यावर विचारले, “यातले कुठले वाक्य खरे आहे हे तुला स्वतःला माहीत आहे?” तिने पान वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिले. मग मोबाइल उलटा करून ठेवला.

नियमाची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण पालकांना ती ठाऊक नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम केले. विद्यार्थ्याच्या प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यावा लागतो, साठपर्यंत असेल तर वर्षभर देता येत नाही आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द होते. विकतचा निबंध या चाळणीतून सुटलाही, तरी तोंडी परीक्षेत ‘हे कुठून आणले’ म्हणून विचारले की मुलीने कुठे पाहायचे? एआयला सांगून लिहून घेतलेल्या निबंधाचेही तेच. ते यंत्र कधी नसलेल्या पुस्तकांची नावे असलेल्या पुस्तकांइतक्याच आत्मविश्वासाने लिहून देते.

आता विषयाकडे.

लोकप्रशासन म्हटले की मुलांना वाटते, दिल्लीच्या किंवा मंत्रालयाच्या गोष्टी. वुड्रो विल्सन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्याआधी प्राध्यापक असताना, १८८७ साली, त्यांनी प्रशासनाच्या अभ्यासावर एक लेख लिहिला. या शास्त्राची सुरुवात तिथून मोजतात. कायदा कसा करावा याचा विचार पुष्कळ झाला, तो राबवायचा कसा याचाही विचार व्हायला हवा, असा त्यांचा रोख होता. राबवणे म्हणजे काय? रेशन दुकानातले यंत्र अम्मीच्या बोटाचा ठसा घेते की नाही, हे. नळाला पाणी कोणत्या वारी येते, हे. आणि उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळतो, हे. दाखल्याचा उल्लेख केला आणि पुतणीचा चेहरा बदलला.

गेल्या वर्षी तिच्या धाकट्या भावाची शिष्यवृत्ती गेली. उत्पन्नाचा दाखला वेळेत हाती आला नाही आणि अर्जाची शेवटची तारीख निघून गेली. भाऊ अजून शिकतो आहे, पण फीसाठी घरातली एक वस्तू विकावी लागली. त्याबद्दल आमचे बंधुराज कधी बोलत नाहीत.

“चाचा, खरं सांगू?” ती म्हणाली. “आपलं नाव वाचून फाइल खाली ठेवतात. माझा निबंध यावर हवा. पण सर घेऊ देतील का? अब्बा तर म्हणतात, जाऊ दे.”

घराघरांत ही शंका बोलली जाते. कुणी तिला वेडेपणा म्हणतो, कुणी डोळे मिटून खरी मानतो. आम्ही तिला सांगितले की हा वेडेपणा नाही आणि पुरावाही नाही. हा प्रश्न आहे, आणि शोधनिबंधाला सगळ्यात आधी तोच लागतो. ‘आव्हाने आणि संधी’ हा प्रश्न नव्हे, कारण त्याचे उत्तर चूक ठरूच शकत नाही. ज्याचे उत्तर ‘हो’ही येऊ शकते आणि ‘नाही’ही, तो खरा प्रश्न. त्यात एक अट आहे, आणि ती कठीण आहे. ‘नाही’ आले तर ‘नाही’ लिहायचे. पुतणी गप्प झाली. पुष्कळ वेळाने म्हणाली, “आणि हो आलं तर?” तर ‘हो’ लिहायचे, आकड्यांसह, आवाज न चढवता.

न्या. राजिंदर सच्चर यांची समिती मार्च २००५ मध्ये नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. मुसलमान मागे आहेत हे त्याआधी भाषणांत शेकडो वेळा सांगून झाले होते. पण त्या अहवालात जनगणनेचे, नमुना पाहणीचे, बँकांचे आणि सरकारी खात्यांचे आकडे होते, म्हणून तो कुणाला बाजूला सारता आला नाही. सामाजिक-धार्मिक गटांनुसार माहिती एका जागी साठवणारी राष्ट्रीय माहितीपेढी हवी, असेही समितीने सुचवले. ज्यांची मोजणी झालेली नाही त्यांच्याविषयी काहीही बोलता येते, ही अडचण समितीला पदोपदी जाणवली असणार.

मग मोजायचे कसे? आधी कायदा वाचायचा. पुस्तकातले कायद्याचे वर्णन नव्हे, मूळ कायदाच. नागरिकांना ठरलेल्या दिवसांत सेवा मिळण्याचा हक्क देणारा कायदा देशात पहिल्यांदा मध्य प्रदेशाने २०१० साली केला. आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. तो मराठीत आहे आणि फार मोठाही नाही. प्रत्येक कार्यालयाने कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता पदनिर्देशित अधिकारी देईल हे फलकावर लावायचे. अर्जाची पोच द्यायची. नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यायचे. मुदतीत काम झाले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते, मग दुसरे, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. आमच्या बंधुराजांना यातले काहीच माहीत नव्हते. किती वाचकांना माहीत आहे, कोण जाणे.

या कायद्यात एक बारीक जागा आहे. विद्यार्थ्याने तिथे बोट ठेवावे. मुदतीचे दिवस मोजायचे ते सर्व बाबतींत पूर्ण असलेला अर्ज मिळाल्यापासून. म्हणजे माणूस सोमवारी सेतू केंद्रात गेला, एक कागद कमी आहे म्हणून परत आला, पुन्हा गेला, नावात फरक आहे म्हणून परत आला, तर त्याचे दिवस मोजणे सुरूच झालेले नसते. सरकारी तक्त्यात ‘मुदतीत निपटारा’ असे दिसेल आणि ते खोटेही नसेल. घरात मात्र महिना गेलेला असेल. या दोन मोजमापांतले अंतर हाच शोधनिबंधाचा चांगला विषय होऊ शकतो.

पुतणीला आम्ही म्हणालो, घरी जा आणि अब्बांची पत्र्याची पेटी उघड. त्यांना पावती फेकवत नाही, आम्हा भावांची ही खोडच आहे. पावतीवर अर्जाची तारीख असते आणि दाखल्यावर दाखल्याची. मोहल्ल्यातल्या दहा घरांत अशा दहा पेट्या असतील. ज्याला संशोधक ‘प्राथमिक सामग्री’ म्हणतात, ती आपल्याकडे कपाटाच्या वर, जुन्या लग्नपत्रिकांखाली पडलेली असते.

ती पेटी उघडली आणि पहिल्याच संध्याकाळी आमच्याही ध्यानी नसलेली गोष्ट निघाली. बंधुराजांचे नाव रेशन कार्डावर ‘महंमद’, आधारवर ‘मोहम्मद’, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘महमद’, आणि एका जुन्या उताऱ्यावर नुसते ‘म.’. उर्दूत एकच असलेले नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे लिहिले. भाभींचे तर माहेरचे आणि सासरचे मिळून चार प्रकार. गेल्या वर्षीचा अर्ज ‘नावात तफावत’ म्हणून परत आला होता. तो शेरा पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला सापडला.

म्हणजे नावामुळे उशीर झाला हे खरे निघाले, पण मुलीला वाटले होते तसे नव्हे. निदान या एका अर्जापुरते तरी. यावरून कुणाच्या मनात काय होते ते कळत नाही. पण मोजण्याजोगी एक नवी गोष्ट हाती आली. अशी तफावत फक्त आपल्याच नावांत असते असेही नाही. शेजारच्या वस्तीतल्या, लग्नानंतर आडनाव बदललेल्या भगिनींनाही ती नडत असेल. निबंधाचा प्रश्न आता असा झाला: आमच्या तालुक्यात उत्पन्नाच्या दाखल्याचे कोणते अर्ज त्रुटी काढून परत येतात, कशासाठी येतात, आणि त्यामुळे अर्जदाराचे किती दिवस जातात? एका वाक्यात बसला. विद्यापीठातल्या सरांनी तो लगेच मान्य केला. जाहिरातीतल्या विषयाबद्दल त्यांनी काय म्हटले असते, ते आम्ही विचारले नाही.

माहिती गोळा करताना पहिली चूक घडते ती ही. ज्यांना त्रास झाला ते आपणहून बोलायला येतात. ज्यांचे काम वेळेत झाले ते घरी चहा पीत बसलेले असतात, त्यांच्याकडे आपल्यालाच जावे लागते. फक्त पहिल्यांना विचारले तर प्रत्येक कार्यालय नालायक ठरेल. दुसरी चूक म्हणजे एकाच मोहल्ल्यात फिरणे. तुलना करायची असेल तर तोच दाखला, तेच महिने, तेच कार्यालय, पण वस्त्या निरनिराळ्या घ्यायला हव्यात. आपली, शेजारची, गावाबाहेरची. तरच ‘आपल्याला जास्त उशीर होतो’ हे वाक्य उभे राहील किंवा पडेल. आणि कागद पूर्ण असलेल्या अर्जांची तुलना कागद पूर्ण असलेल्या अर्जांशीच करायची.

वहीत रकाने आखून घ्यावेत: अर्ज कधी केला, त्रुटी निघाली का, कोणती निघाली, ती कधी भरून दिली, दाखला कधी मिळाला, फॉर्म स्वतः भरला की एजंटाने. नाव लिहू नये, क्रमांक द्यावा. आधारचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवू नयेत. शेजारीण विश्वासाने पेटी उघडते, तिची माहिती अमानत आहे. दिवसांची सरासरी काढा, पण सोबत मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडाही द्या. एखाद्याचा दाखला सात महिने अडकला असेल तर तो एकटा सगळी सरासरी वर ओढतो.

कार्यालयाकडची माहिती माहितीच्या अधिकारातून मिळते. २००५ च्या कायद्याप्रमाणे जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करायचा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. अर्जदारांची नावे मागू नयेत, ती खासगी माहिती आहे. महिनावार अर्ज किती आले, मुदतीत किती निघाले, त्रुटीसाठी किती परत गेले, किती नाकारले, एवढे मागावे. अर्ज नम्र असावा. माहितीचा अर्ज म्हणजे धमकी, अशी समजूत काही मंडळींनी करून ठेवली आहे. अभ्यासकाने ती वाढवू नये.

इथे आम्हाला स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. आमचा पहिला निबंध रेशन व्यवस्थेवर होता. आम्ही तरुण होतो, रागात होतो. साठ ग्राहकांच्या तक्रारी गोळा केल्या, झणझणीत भाषेत लिहिल्या आणि पाठ थोपटून घेण्याच्या तयारीने गुरुजींकडे नेल्या. त्यांनी समासात शिसपेन्सिलीने एवढेच लिहिले: ‘दुकानदार काय म्हणाला?’ आम्ही त्याला विचारलेच नव्हते. विचारायला गेलो तेव्हा त्याने मालाच्या नोंदवह्या पुढ्यात टाकल्या. माल कधी किती आला आणि किती कमी आला ते त्यात होते. निम्मा निबंध पुन्हा लिहावा लागला.

म्हणून कारकुनाशी बोलायचे, तेही आधी वेळ मागून. मायकेल लिप्स्की या अमेरिकी अभ्यासकाने १९८० साली एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने दाखवले की शिक्षक, पोलीस, खिडकीवरचा कर्मचारी यांच्यासमोर माणसे फार आणि वेळ थोडा असतो. मग ते रोज छोटे छोटे निर्णय घेतात, कुणाला आधी, कुणाला उद्या, कोणता कागद चालवून घ्यायचा. लोकांच्या दृष्टीने सरकारचे धोरण म्हणजे शेवटी हे निर्णयच असतात. पुतणीने खिडकीवरच्या बाईंना विचारावे: एका दिवसात किती अर्ज हाताळता? नावातली तफावत चालवून घेण्याचा अधिकार तुम्हाला आहे का? प्रतिज्ञापत्र कधी मागता? दाखला कुणाला चटकन द्यावा हे कोण ठरवते, हा प्रश्न या उत्तरांतून आपोआप पुढे येतो.

ती पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा सोबत भाभी होत्या. बंधुराजांची ती अट होती. आम्हाला वाटले होते अडचण होईल, झाली सोयच. रांगेतल्या बायका भाभींशी बोलू लागल्या आणि पुतणी वहीत लिहीत राहिली. सेवांचा फलक कुठेच दिसेना. शेवटी सापडला, कपाटाच्या मागे. तिने कपाटाच्या फटीतून वाकून मुदत उतरवून घेतली आणि फलक कुठे होता तेही लिहिले. ते लिहिलेच पाहिजे. फक्त ‘लपवून ठेवला होता’ असे लिहू नये, ‘कपाटाच्या मागे होता’ असे लिहावे. लपवला की तिथे गेला, हे आपण पाहिलेले नाही.

लिहिण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. माहिती नीट असेल तर निबंध जवळजवळ स्वतःच लिहिला जातो. सुरुवात मधूनच करा: कुणाला विचारले, कसे निवडले, किती दिवसांत. मग कोष्टके आणि त्यांत काय दिसते ते. मग प्रास्ताविक, आणि दीड-दोनशे शब्दांचा सारांश सगळ्यात शेवटी. शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख वाचता वाचताच टिपून ठेवा, नंतर सापडत नाही. पूर्वीच्यांनी काय लिहिले ते पाहायला दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे पंधरा अहवाल आणि दिल्लीच्या भारतीय लोकप्रशासन संस्थेचे नियतकालिक ही चांगली जागा आहे. एका तालुक्यातल्या चाळीस-पन्नास अर्जांवरून ‘महाराष्ट्रात असे घडते’ असे लिहायचा मोह होईल. लिहू नये. ‘या तालुक्यात, या महिन्यांत’ एवढेच लिहावे. पदनामे मराठीत लिहा, भाषा संचालनालयाचा पदनाम कोश त्यासाठीच आहे. आणि ‘करण्यात आलेले असून’ असली सरकारी वाक्ये सरकारकडेच राहू द्या.

छापण्याची घाई नको. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ यादी २०२५ साली बंद झाली, त्यामुळे नियतकालिक बरे की वाईट हे आता विद्यार्थ्याने आणि मार्गदर्शकानेच पाहायचे आहे. जे आठ दिवसांत स्वीकारतात, वाचणाऱ्याचा एकही प्रश्न कळवत नाहीत आणि आधी पैशांचा क्यूआर कोड पाठवतात, ते निबंध वाचत नाहीत एवढे नक्की.

परवा पुतणी पुन्हा आली होती. दोन वह्या भरल्या आहेत, माहितीच्या अर्जाचे उत्तर यायचे आहे. तिला एकच विचारायचे होते.

“चाचा, भावाचं निबंधात लिहू का? की लपवू?”

आम्ही म्हणालो, नाव लिहू नकोस. पण तुझ्या घरातला अर्ज याच कारणासाठी परत आला होता आणि म्हणून हा विषय निवडला, हे पहिल्याच पानावर लिही. वाचणाऱ्याला ते कळायला हवे, म्हणजे तुझे आकडे तो जास्त बारकाईने तपासेल.

“तपासू देत,” ती म्हणाली आणि वही उघडून बसली.